शेवटचे आठ रकाने

चांगुणाच्या चुका काढणं ही माझी नोकरी होती. अकरा वर्षं मी तेच केलं, आणि खरं सांगते, त्या अकरा वर्षांत माझ्याइतकी बिनकामाची बाई अख्ख्या सातपूरमध्ये नव्हती. कारण चांगुणा भोये चुकायचीच नाही.

सातपूरला स्विचगिअरचा, म्हणजे विजेच्या मोठ्या स्विचांचा, एक कारखाना होता, तिथं आम्ही चौऱ्याहत्तर ते पंच्याऐंशी कामाला होतो. कॉम्प्युटर तेव्हा खोलीएवढा. त्याला काहीही सांगायचं झालं तर पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागायचं. एका कार्डावर ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर. साहेब लोक कागदावर प्रोग्राम लिहायचे, चांगुणा तो बघून कार्डं पंच करायची आणि मी, सुरय्या शेख, तोच कागद समोर ठेवून तेच कार्ड दुसऱ्या मशीनवर पुन्हा टाईप करायचे. अक्षर जुळलं नाही की लाल दिवा. सगळं कार्ड जुळलं की मशीन त्याच्या उजव्या कडेला छोटीशी खाच पाडायचं. खाच असलेलं कार्ड पुढे जायचं, नसलेलं परत यायचं. चांगुणाच्या कार्डावर लाल दिवा लागला की मी आधी माझी बोटं तपासायचे.

नंतर तो कॉम्प्युटर गेला, नवा छोटा आला, आमची खोली बंद झाली. मी घरी बसले. मोठ्या पोरांची लग्नं झाली, गुडघे दुखायला लागले, आणि हे सगळं मी विसरून गेले होते म्हटलं तरी चालेल. मग २००३ च्या डिसेंबरात एक मुलगी आमच्या दूध बाजारातल्या घराचा जिना चढून आली.

सरिता गांगुर्डे तिचं नाव. नाशिकरोडचीच पोर, पण पुण्याला पीएच.डी. करत होती. विषय काय, तर आपल्याकडच्या कॉम्प्युटर भाषांचा इतिहास. मी म्हटलं, "बाई, कॉम्प्युटरचा इतिहास? तो कालच तर आला ना?"

ती हसली. म्हणाली, "मावशी, म्हणूनच लवकर लिहायला हवा. माणसं आहेत तोवर."

तिनं पिशवीतून एक झेरॉक्स काढली. आमच्या कारखान्याच्या मासिकाच्या जुन्या अंकातलं पान. वर प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या टिपणीस साहेबांचा फोटो, केसांचा कोंबडा, रुंद टाय. खाली लेख: 'नाशिक कोड: मराठीतून कॉम्प्युटरला आज्ञा देण्याचा माझा प्रयोग.'

माझा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे त्यांनी केलं?" मी ओरडलेच. "आणि त्याला नाशिक कोड कुणी म्हटलं? आम्ही त्याला घे-छाप म्हणायचो. आणि ते चांगुणानं केलं. एकट्या चांगुणानं. माझ्या डोळ्यांदेखत."

सरितानं शांतपणे वही उघडली. म्हणाली, "पहिल्यापासून सांगा."

मग सांगितलं. चांगुणा पेठकडची, डोंगरातली. बाप भात-नागली करायचा. ही आश्रमशाळेत शिकून मॅट्रिक झाली, नाशिकला येऊन टायपिंग शिकली आणि आमच्या खोलीत येऊन बसली. आमच्या खोलीचा नियम भिंतीवर लिहिलेला होता: कागदावर आहे तसे पंच करावे, ऑपरेटरने डोके चालवू नये. एकदा टिपणीस साहेबांच्या कागदात एक ओळ उलटी पडलेली चांगुणानं पकडली आणि सरळ करून पंच केली. माझ्या मशीनवर लाल दिवा लागला म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, "कागद चुकलाय गं, मी नाय." प्रोग्राम एका फटक्यात चालला. आणि बक्षीस काय मिळालं? मेमो! डोकं चालवल्याबद्दल. तो मेमो वाचून चांगुणा एवढंच म्हणाली, "आता चालवलंच हाय म्हणतात, तर नीट चालवते."

तेव्हा असं होतं की स्टोअरच्या केरूभाऊंना एक साधी यादी हवी असली तरी साहेबांची वाट बघावी लागायची. साहेबांकडे कामांचा ढीग. केरूभाऊ बिचारे आमच्या दारात उभे राहायचे, म्हणायचे, "ताई, कोणता स्क्रू संपत आलाय एवढंच सांगा ना त्या डबड्याला." चांगुणानं मनावर घेतलं. तिनं रोज इतक्या साहेबांचे इतके प्रोग्राम पंच केले होते की कोबॉल ही त्या प्रोग्रामांची भाषा तिच्या बोटांत उतरली होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, एका हातात भाकरी, एका हातात पेन्सिल, सहा महिने तिनं एक प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एवढंच: मराठी शब्दांची कार्डं वाचायची आणि त्यांच्या बदल्यात कोबॉलची कार्डं बाहेर काढायची. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. घे. जर. नसेल. मोज. छाप. केरूभाऊंनी पहिली आज्ञा स्वतःच्या हातानं लिहिली: शिल्लक घे, जर पन्नासपेक्षा कमी तर छाप. मशीननं यादी छापली तेव्हा केरूभाऊंनी कागदाला हात जोडले. मला अजून आठवतं आणि अजून हसू येतं, पण तेव्हा आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

चांगुणा ऑपरेटर, म्हणून प्रोग्राम टिपणीस साहेबांच्या सहीनं पुढे गेला. सही केली त्यांनी, मग भाषण केलं त्यांनी, मग लेख लिहिला त्यांनी.

सरितानं सगळं टिपून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "टिपणीस सरांना मी भेटून आलेय. गंगापूर रोडला राहतात. ते म्हणाले, सगळं मीच केलं, मुलींनी फक्त पंच केलं. फेब्रुवारीत तिथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात परिसंवाद आहे. मी यावरच निबंध वाचणार आहे, ते प्रमुख पाहुणे आहेत. माझ्या निबंधात एक नाव जाणार, मावशी. तेच पुढे सगळे उचलतील."

"मग चांगुणाचं घाल! मी सांगतेय ना!"

"तुमचा शब्द मी लिहीन. पण त्यांच्याकडे छापलेला लेख आहे, आपल्याकडे फक्त राग आहे. राग पुरावा होत नाही. ती कार्डं आहेत का कुठं?"

इथं मी पदराशी चाळा करायला लागले. कारण कार्डं होती. खोली बंद झाली तेव्हा चांगुणाच्या घे-छापचा गठ्ठा, चारशे बारा कार्डं, मीच भंगारातून उचलून आणला होता. इतर कोरी-वापरलेली दोन खोकीही आणली. आणि मग मी तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेले, आणि आमच्या मियाँनी ती सगळी वापरून टाकली.

आमचे मियाँ, इब्राहिम मास्टर, शिंपी; मशीन घरातच. त्यांना काय दिसलं? जाड, एकसारखी, मागून कोरी कार्डं. त्यांनी प्रत्येकावर गिऱ्हाईकाचं माप लिहिलं. छाती अडतीस, बाही तेवीस. मी माहेरून परत आले तेव्हा इतकी भांडले होते की शेजारचे सोडवायला आले.

सतरा वर्षांनी मी तेच भांडण पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात मास्टर मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "माप काय कुणी फेकतं का? ट्रंकेत असतील."

"काय?"

"अगं, गिऱ्हाईक दहा वर्षांनी येतं, म्हणतं मास्टर, माझं माप आहे ना तुमच्याकडे. आहे म्हणायला लागतं. शिंप्यानं माप फेकलं की संपला तो."

पलंगाखालून तीन ट्रंका निघाल्या. अर्धं नाशिक होतं त्यांत, भद्रकालीचे हवालदार, पंचवटीचे भाजीवाले, सगळे छाती-कंबरेसकट. मी एक कार्ड उलटं केलं. वरच्या कडेला बारीक छापलेली अक्षरं, आणि शेवटच्या आठ रकान्यांत: सी, एच, ए, एन, जी, यू, एन, ए. मोजून आठ. मी पलंगावर बसलेच.

"हे काय?" सरितानं विचारलं. "इथं तर कोबॉल वाचतच नाही. बहात्तर रकान्यांपर्यंतच वाचतं."

"तोच तर नियम होता गं!" मी म्हटलं. "टिपणीस साहेबांनीच केलेला. मशीन शेवटचे आठ रकाने बघत नाही, मग तिथं ज्याचा कागद त्याचं नाव घालायचं. म्हणजे चूक निघाली की कार्ड बरोबर त्याच्याच टेबलावर जाऊन पडेल. लिहिणाऱ्याचं नाव, पंच करणारीचं नव्हे. आमची नावं कुठंच नसायची. चांगुणानं आयुष्यात एकदाच स्वतःचं नाव घातलं. ह्या गठ्ठ्यावर."

सरितानं दुसरं कार्ड घेतलं, तिसरं घेतलं. मग ट्रंकेच्या तळातून एक निघालं, त्यावर शेवटी टिपणीस लिहिलेलं. मग आणखी एक. तिनं दोन ढीग केले.

चार दिवस आम्ही जमिनीवर बसून गठ्ठा लावला. गठ्ठा पडला तर परत लावता यावा म्हणून तेव्हा आम्ही त्याच्या वरच्या कडेवर हिरव्या स्केचपेननं तिरकी रेघ मारायचो, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक कार्डावर रेघेचा एक ठिपका येतो. ठिपके ओळीनं लागले की कार्डं आपोआप लागतात. चारशे बारातली तीनशे एकाहत्तर सापडली. उरलेली गिऱ्हाइकं बहुधा माप घेऊन दुसऱ्या शिंप्याकडे गेली. शेवटी ती हिरवी रेघ पुन्हा सरळ झाली, मधेमधे तुटकी, पण सरळ. मास्टर मशीनवरून बघत होते. म्हणाले, "उगाच भांडलीस ना तेव्हा?" मी म्हटलं, "गप बसा, चहा टाका." त्यांनी खरंच टाकला.

मग सरिता आणि मी देवळाली कॅम्पला. चांगुणाचे मालक तोफखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले, तिथंच बाजारामागे राहतात. चांगुणा ओट्यावर लसूण सोलत होती. केस पांढरेशुभ्र. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे ना सुरय्या. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत कशाला खाली बघायला लावायचं."

"आणि तू? तू वीस वर्षं कुठं बघत होतीस?"

"माझं काय. यादी निघायची ना केरूभाऊंची? झालं तर."

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. "चांगुणा, तू आयुष्यभर चुकली नाहीस. आता चुकतेयस. लाल दिवा लागलाय, समजलं? मी कार्ड पुढे जाऊ देणार नाही."

मग सरितानं हळूच एक कार्ड तिच्या हातात दिलं. चांगुणानं ते उजेडाकडे धरलं. भोकांतून ऊन तिच्या तोंडावर आलं. तिनं शेवटच्या आठ रकान्यांवरून अंगठा फिरवला.

"अजून हाय?" ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "कोणतं पातळ नेसू?"

परिसंवादाला हॉल भरलेला. टिपणीस साहेब पहिल्या रांगेत, काठी घेऊन. माणूस वाईट नव्हता, ते मी आजही म्हणेन. आम्हा दोघींना बघून ते उठून उभे राहिले, "अरे वा, आमच्या मुली!" म्हणाले. आम्ही मुली! पंचावन्न वर्षांच्या.

सरितानं निबंध वाचला. घे-छाप कशी चालायची ते पडद्यावर दाखवलं, कार्डांवरचं चांगुणाचं नावही दाखवलं. मग म्हणाली, "ही भाषा श्रीमती चांगुणा भोये यांनी रचली." हॉलमध्ये कुजबुज झाली. टिपणीस साहेब काठीवर भार देऊन उठले.

"गांगुर्डे मॅडम, कार्डावर नाव आहे म्हणता? अहो, त्या पंच ऑपरेटर होत्या. टायपिस्टनं पत्राखाली आपलं नाव टाईप केलं म्हणून पत्र तिचं होतं का?"

लोक हसले. माझ्या शेजारी चांगुणानं मान खाली घातली. ते बघितलं आणि मला बसवेना.

"साहेब!" मी तिथूनच ओरडले. माईकबिईक काही नाही. "शेवटच्या आठ रकान्यांचा नियम कुणाचा होता?"

ते वळले. "कोणता नियम?"

"ज्याचा कागद, त्याचं नाव! विसरलात? एकदा तुमच्या कार्डावर दुसऱ्याचं नाव गेलं तर तुम्ही आम्हाला अख्खा गठ्ठा पुन्हा करायला लावला होता. लिहिणाऱ्याचंच नाव पाहिजे, म्हणाला होतात. सरिता, दे त्यांना दोन्ही."

सरिता खाली उतरली आणि त्यांच्या हातात दोन कार्डं दिली. एक त्यांच्या नावाचं, एक चांगुणाच्या. साहेबांनी चष्मा वर केला, कार्डं नाकाजवळ धरली. एक उलटं केलं. मागे मास्टरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: हवालदार, कंबर चाळीस. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि हॉल पुन्हा हसला, पण साहेब हसले नाहीत. ते पुन्हा पुढची बाजू बघत होते.

मग म्हणाले, "नियम माझाच होता." आवाज बसलेला. "मी ह्याच्यावर सही केली होती. इतकी वर्षं सही करत आलो की जे सहीखाली आलं ते माझंच वाटायला लागलं." ते चांगुणाकडे आले. सगळ्यांसमोर. "भोयेबाई, तो मेमोही माझाच होता ना?"

"हो साहेब," चांगुणा म्हणाली.

"मी तो मागे घेतो."

अल्ला कसम, टाळ्यांनी छत हललं. माझी छाती इतकी फुगली की मास्टरांना नवं माप घ्यावं लागलं असतं. मी शेजारच्या अनोळखी प्राध्यापकाला कोपर मारून सांगत होते, "ती बघा, ती आमची चांगुणा. पेठची."

तिला स्टेजवर नेलं. माईक तिच्यासाठी खाली करावा लागला. ती काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. ती कधी बोलतच नाही. पण तिनं टिपणीस साहेबांकडून ते कार्ड मागून घेतलं आणि वर धरलं.

"नाव माझं हाय," ती म्हणाली. "ते तुम्ही वाचलं. पण ही उजव्या कडेची खाच कुणी बघितली का? हे कंपनीचं काम नव्हतं. ह्याची तपासणी करायला कुणी सांगितलं नव्हतं. माझी चारशे बारा कार्डं एका बाईनं सुट्टीत, न जेवता, पुन्हा टाईप केली. माझं नाव तिनं चारशे बारा वेळा टाईप केलं, एकदा पण चुकली नाय. खाच नसती तर मी हे मशीनला घालायची हिंमत केली नसती. ती खाच म्हणजे सुरय्या. सरिताबाई, लिहायचं तर दोन्ही लिहा."

मी काय करणार? मी पदर तोंडात कोंबून रडले. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं तपासली, माझं स्वतःचं एक अक्षर कुठं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. आणि ती बया वीस वर्षं ती खाच लक्षात ठेवून बसली होती, आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

२००६ च्या मे महिन्यात सरिता पेढे आणि प्रबंध घेऊन आली. हा एवढा जाड. मास्टरांनी कात्री ठेवून दिली, चांगुणा देवळालीहून बसनं आली होती. सरितानं चौथं प्रकरण उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. गठ्ठ्याचा फोटो होता, हिरव्या तिरक्या रेघेसकट. खाली दोन ओळी.

घे-छाप. रचना: चांगुणा भोये. पडताळणी: सुरय्या शेख.

"बरोबर आहे ना मावशी?" सरितानं विचारलं.

"थांब, घाई करू नकोस," मी म्हटलं.

मी चष्मा लावला, बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं मांडीवर, जुन्या मशीनवर करायचे तसं, एकेक अक्षर पुन्हा टाईप केलं. आधी तिचं नाव. मग माझं. चांगुणा श्वास रोखून माझ्या बोटांकडे बघत होती.

लाल दिवा कुठंच लागला नाही.